नळी साच्यातून निघत नाही

पेशीच्या आत सूक्ष्म नळ्या असतात आणि त्या प्रथिनांच्या आधाराने उभ्या राहतात, इथपर्यंत कोणाचेच दुमत नाही. मतभेद आहे तो प्रथिने तिथे नेमके काय करतात याबद्दल. गेल्या वीस वर्षांत याचे एक उत्तर वर्गांत, व्याख्यानांत आणि विज्ञानविषयक लेखनात रूढ झाले आहे. ते असे: काही प्रथिनांचा आकार मुळातच वाकडा असतो, ती पटलाला चिकटली की पटल त्यांच्या आकाराबरहुकूम वाकते, अशी पुष्कळ प्रथिने शेजारी शेजारी बसली की पटलाची नळी होते, आणि ती तिथेच बसून राहतात म्हणून नळी टिकते. प्रथिन म्हणजे साचा आणि नळी म्हणजे त्या साच्यातून निघालेली वस्तू, असा या मताचा मथितार्थ. त्याला आपण साचेवाद म्हणू.

माझे म्हणणे असे की, साचेवाद नळीच्या जाडीबद्दल बरोबर आहे, जन्माबद्दल अपुरा आहे आणि टिकण्याबद्दल चूक आहे. पेशीतली नळी सतत घडत असते आणि सतत मोडत असते. घडणे मोडण्याला पुरून उरते तोवरच ती आपल्याला दिसते. त्यासाठी पेशी ऊर्जा खर्च करते, आणि हा खर्च थांबला की सारे साचे जागच्या जागी असूनही नळी नाहीशी होते. हे केवळ तात्त्विक भांडण नाही. पाय ताठ होत जाणाऱ्या रुग्णाच्या चेतापेशीत काय बिघडले आहे आणि ते कोणत्या बाजूने दुरुस्त करायचे, हे या वादाच्या निकालावर अवलंबून आहे.

आधी नळ्या कोणत्या ते सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये कीथ पोर्टर, आल्बेर क्लॉद आणि अर्नेस्ट फुलम यांनी १९४५ साली कोंबडीच्या भ्रूणातल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा त्यांना पेशीद्रवात जाळीदार लेससारखे काहीतरी पसरलेले दिसले. हीच आपली आंतर्द्रव्यजालिका. शाळेच्या आकृतीत ती केंद्रकाभोवती रचलेल्या चपट्या घड्यांसारखी दिसते. पण पेशीच्या कडेकडे जावे तसे ते पत्रे संपतात आणि एकमेकींना तिठ्यांवर जोडलेल्या नळ्यांचे जाळे सुरू होते. प्राण्यांच्या पेशीत अशी नळी सुमारे ५० ते १०० नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे बारीकातली बारीक नळी मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी. चेतापेशीच्या लांबलचक तंतूतही याच नळ्या टोकापर्यंत गेलेल्या असतात.

दुसऱ्या नळ्या स्नायूंतल्या. स्नायूपेशीचे बाहेरचे पटल ठरावीक अंतरावर आत शिरते आणि आडव्या नळ्या तयार होतात. पाव्हिया येथे गॉल्गींचे शिष्य एमिलिओ वेराती यांनी १९०२ साली रुप्याच्या रंजनाने त्या पाहिल्या, रेखाटल्या, आणि जगाने पुढची पन्नासएक वर्षे त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. १९५०च्या दशकात अँड्र्यू हक्सली आणि रॉबर्ट टेलर यांनी बेडकाच्या स्नायूतंतूला अतिसूक्ष्म काचनळीने जागोजागी विजेचा स्पर्श केला. तंतू सगळीकडे आकसला नाही. ठरावीक रेषेवरच्या काही बिंदूंनाच प्रतिसाद आला. विजेचा संदेश आत नेणारे रस्ते त्या बिंदूंपाशी सुरू होतात, हे पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट केले. आपल्या हृदयाचा प्रत्येक ठोका या आडव्या नळ्यांतून आत जातो. त्या विस्कटल्या तर पेशीचा काठ आकसतो आणि गाभा मागे पडतो.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही, कारण तो मोठ्या कष्टाने उभा राहिलेला आहे. त्याआधीचे मत असे होते की, आंतर्द्रव्यजालिकेच्या नळ्या पेशीच्या सांगाड्यावरून ओढून काढल्या जातात: मायक्रोट्यूब्यूल या ताठ तंतूंवरून चालणारी मोटर प्रथिने पटलाचे टोक धरून ओढतात आणि नळी लांबते. मायक्रोट्यूब्यूल औषधाने विरघळवले की जालिका हळूहळू केंद्रकाकडे मागे सरकते, हे मार्क टेरासाकी आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवले होतेच. पण २००० साली लार्स ड्रायर आणि टॉम रॅपोपोर्ट यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात, मायक्रोट्यूब्यूल बनूच न देता, नळ्यांचे जाळे तयार होताना पाहिले. ओढणारा नसतानाही नळी होत होती. मग ती वाकवतो कोण?

याचे उत्तर २००६ साली हार्वर्डमध्ये मिळाले. गिया व्होल्ट्झ, रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी रेटिक्युलॉन आणि डीपी१ (यीस्टमध्ये त्याच कुळातले योप१) ही प्रथिने शोधली. ती नळ्यांवर आढळतात, पत्र्यांवर जवळजवळ नाहीत. त्यांचा पटलात शिरणारा भाग केसाच्या पिनेसारखा दुमडलेला असतो आणि तो पटलाच्या बाहेरच्या थरात पाचरीसारखा घुसतो. पटल दोन थरांचे असते. ५० नॅनोमीटरची नळी करायची तर बाहेरच्या थराचे क्षेत्रफळ आतल्याहून सुमारे नऊ-दहा टक्के जास्त हवे, आणि पाचर नेमकी तीच जागा भरून काढते. २००८ साली शुद्ध केलेले योप१ आणि रेटिक्युलॉन मेदाच्या पटलात बसवले तर नळ्या आपोआप झाल्या. यीस्टमधून ही प्रथिने काढून टाकली तर बहुतेक नळ्यांचे पत्रे झाले.

स्नायूंच्या बाजूनेही असाच पुरावा आला. येल विद्यापीठातल्या पिएत्रो दे कामिल्ली यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली बिन१ हे प्रथिन स्नायू नसलेल्या पेशीत तयार करायला लावले आणि त्या पेशीच्या पटलातून आत नळ्या उगवल्या. फळमाशीत त्याच कुळातले ॲम्फिफायसिन नसले तर आडव्या नळ्या विस्कटतात आणि माशी उडू शकत नाही, हे एक वर्ष आधीच कळले होते. २००४ साली केंब्रिजच्या हार्वी मॅक्महॉन यांच्या गटाने या कुळातल्या 'बार' नावाच्या भागाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. तो भाग चंद्रकोरीसारखा निघाला, आणि कोरीची आतली बाजू धनभारित, म्हणजे ऋणभारित पटलाला चिकटायला तयार. ती आकृती इतकी बोलकी होती की तिने साऱ्या विषयाचा ताबा घेतला. वाकडे प्रथिन, वाकडे पटल; यापुढे विचारायचे काही उरलेच नाही, असे वाटू लागले.

इथून खंडन सुरू होते. पहिला आक्षेप साचेवादाच्या मुळावर आहे: पटल वाकवायला प्रथिन वाकडे असावेच लागते का? २०१२ साली जीन स्टाचोविआक आणि कार्ल हेडन यांच्या गटाने एक साधा प्रयोग केला. जेलीफिशमधून आलेले हिरवे प्रकाशी प्रथिन प्रयोगशाळांत नेहमी वापरले जाते. ते पिंपासारखे गोलसर आहे, पटल वाकवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते पटलाच्या एका बाजूला दाटीवाटीने चिकटवले तर पटलातून नळ्या बाहेर आल्या. प्रथिने एकमेकांवर आदळतात, त्यांना जागा हवी असते, आणि ज्या बाजूला गर्दी त्या बाजूला पटल पसरते. म्हणजे कोर किंवा पाचर नसतानाही, निव्वळ दाटीने नळी होते. पुढे याच गटाने दाखवले की ज्या प्रथिनांना ठाम आकारच नाही, जी सुट्या दोरीसारखी लोंबत असतात, तीही पटल वाकवतात. उलट ती जास्त जागा व्यापतात म्हणून चांगली वाकवतात. एखाद्या प्रयोगात प्रथिन घातले आणि नळी झाली, एवढ्यावरून त्या प्रथिनाचा आकार नळीला कारण ठरला, हा साचेवाद्यांचा आवडता निष्कर्ष यानंतर निघू शकत नाही.

दुसरा आक्षेप मला याहून गंभीर वाटतो. साचेवादाचा बराचसा पुरावा प्रथिनाच्या तुकड्यांवर मिळवलेला आहे. ॲम्फिफायसिनचा फक्त कोरीचा भाग वेगळा काढून पटलावर टाकला तर सुंदर, स्थिर नळ्या मिळतात. पण निसर्गात ही कोर एकटी नसते, तिच्या मागे लांबलचक बेशिस्त शेपूट असते. २०१९ साली स्टाचोविआक यांच्या गटाने शेपटासकट अख्खे प्रथिन वापरले आणि नळ्या टिकण्याऐवजी तुटून लहान लहान पिशव्या झाल्या. कोरीने प्रथिनांना एकत्र आणले, शेपटांची गर्दी झाली आणि त्या गर्दीने पटल तुटेपर्यंत वाकवले. तोडून घेतलेल्या तुकड्याने नळी टिकवली म्हणून जिवंत पेशीतले अख्खे प्रथिनही ती टिकवत असणार, हे गृहीत धरणे हा अनुमानाचा दोष आहे. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात.

रेटिक्युलॉनचीही गोष्ट वेगळी नाही. साचा जास्त तर नळ्या जास्त, असे साचेवाद सांगेल. २०१९ सालीच फळमाशीवर झालेल्या कामात दिसले ते असे: रेटिक्युलॉनचे पारडे जड झाले की जालिकेचे तुकडे तुकडे होतात. नळी लांबत असताना रेटिक्युलॉन तिला आवळते, आणि लांबण्याचा वेग जास्त असला तर आवळता आवळता तोडते. नळीला बारीक ठेवणारे प्रथिन आणि नळीला तोडणारे प्रथिन एकच आहे. त्याच्या समोर उभे असते ॲटलास्टिन. ते दोन नळ्यांची पटले जवळ आणून एकात एक मिसळते, तुटलेले सांधते आणि नवे तिठे करते. पेशीत आपल्याला दिसणारे जाळे म्हणजे या दोघांच्या ओढाताणीतून निघालेला तात्पुरता तोल आहे.

मग तोल टिकवायला काय लागते? या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर २०१७ साली रॅपोपोर्ट यांच्याच प्रयोगशाळेतून आले. ज्या प्रयोगशाळेने पाचर शोधली तिनेच पाचरीची मर्यादा दाखवली, ही गोष्ट मला फार आदराची वाटते. त्यांनी पेशी बाजूलाच ठेवली. यीस्टमधली फक्त दोन शुद्ध प्रथिने घेतली: पाचरीसारखे योप१ आणि ॲटलास्टिनच्या जातीचे, पटले सांधणारे सेय१. ती मेदाच्या पिशव्यांत बसवली आणि त्यात जीटीपी हे इंधन घातले. पेशीतल्यासारखे नळ्यांचे जाळे काचेवर तयार झाले. नंतर त्यांनी सेय१चे इंधन जाळण्याचे काम रोखले. योप१ जिथे होते तिथेच होते, एकही पाचर काढलेली नव्हती. तरी नळ्या भराभर तुटल्या. साचा हजर, नळी गैरहजर. याउलट, प्राण्यांमधले ॲटलास्टिन एकटेच, पाचरीच्या कुळातले दुसरे कोणतेही प्रथिन सोबत नसताना, इंधनावर जाळे तयार करू शकले. साचेवादाचे भाकीत दोन्ही बाजूंनी खोटे ठरायला याहून वेगळा पुरावा काय हवा?

असे का व्हावे, याचा हिशेब कठीण नाही. पटल वाकवायला ऊर्जा लागते. पेशीतल्या पटलाचा ताठरपणा, उष्णतेने रेणूंना बसणाऱ्या एका साध्या धक्क्याची ऊर्जा एकक धरली तर, साधारण वीस एकक असतो. त्यावरून ५० नॅनोमीटर रुंद आणि एक मायक्रोमीटर लांब नळीत सुमारे अडीच हजार एकक ऊर्जा कोंडलेली असते. तेवढ्याच पटलाचा एक गोल फुगा केला तर खर्च पाचशेच्या आसपास येतो. म्हणजे नळी ही मुळातच महाग अवस्था आहे. संधी मिळाली की ती गोल होऊ पाहते किंवा पसरून पत्रा होऊ पाहते. पाचरी आणि कोरी हा फरक कमी करतात, पण मोडण्याच्या वाटा बंद करत नाहीत. दहीहंडीच्या थरात प्रत्येक गोविंदाचे खांदे भक्कम असावे लागतात हे खरे, पण थर उभा राहतो तो सगळे जण क्षणोक्षणी जोर लावत असतात म्हणून. भक्कम खांद्याची माणसे जोर सोडून नुसती उभी राहिली तर थर राहत नाही. पेशीतली नळी अशीच जोरावर उभी असते.

इथे साचेवादी एक रास्त आक्षेप घेतील: २००८च्या प्रयोगात इंधन नव्हते, तरी नळ्या झाल्याच ना? झाल्या. पण कोणत्या? त्या प्रयोगात पटलात प्रथिन ठासून भरले होते, आणि मिळाल्या त्या एकेकट्या, पेशीतल्या नळ्यांहून कितीतरी बारीक नळ्या. त्यांना तिठे नव्हते, जाळे नव्हते. पेशीत नळीच्या पृष्ठभागाचा थोडा भागच ही प्रथिने व्यापतात. पाचरीने पटल वाकते एवढेच त्या प्रयोगाने सिद्ध केले, आणि ते मी मान्य करतो. जाळे कसे टिकते हा प्रश्न त्याने विचारलेलाच नव्हता. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नावर चिकटवणे ही या वादातली मूळ चूक आहे.

दुसरा आक्षेप असा येईल की, जालिका चंचल असेल, पण स्नायूतल्या आडव्या नळ्या तशा नाहीत. त्या महिनोन्‌महिने एकाच जागी असतात, तिथे तरी साचा मानावाच लागेल. मला हा आक्षेप मोलाचा वाटतो, कारण याच ठिकाणी साचेवादाची खरी परीक्षा झाली आहे.

एक तर, हृदयाची प्रौढ पेशी सुटी करून बशीत वाढवायला ठेवली की काही दिवसांत तिच्या आडव्या नळ्या विरत जातात. जनुके तीच, पेशी जिवंत. गेले आहे ते काम, ताण आणि शेजार. पण निर्णायक पुरावा उंदरांचा आहे. बिन१ नसलेला उंदीर जन्मल्यावर लवकरच मरतो. साचेवादाच्या हिशेबात याचा अर्थ सरळ आहे: साचा नाही, म्हणून नळी नाही, म्हणून स्नायू नाही, आणि साचा परत दिल्याशिवाय उपाय नाही. फ्रान्समध्ये स्ट्रासबूरजवळ जोस्लिन लापोर्ट यांच्या गटाने २०१७ साली वेगळेच केले. बिन१ परत दिलेच नाही. त्याऐवजी त्या उंदरांत डायनॅमिन २ या प्रथिनाच्या दोन जनुकप्रतींपैकी एक काढून टाकली. डायनॅमिन हे पटलाच्या नळीभोवती वेटोळे घालून, जीटीपी जाळून, ती आवळणारे आणि तोडणारे प्रथिन. तोडणारा निम्मा केला आणि उंदीर जगले, वाढले, त्यांच्या स्नायूंना बळ आले.

साचा नसताना आणि तो परत न देता, केवळ मोडण्याचा वेग कमी करून स्नायू सावरतो, या एका निरीक्षणाला साचेवादाकडे उत्तर नाही. बिन१ पटल वाकवते हे खरेच. पण त्याचे तितकेच महत्त्वाचे काम डायनॅमिनला आवर घालण्याचे आहे. डायनॅमिन २ अतिउत्साही करणारे जनुकीय बदल माणसांत आढळतात आणि त्यांनीही बिन१ बिघडल्यावर होतो त्याच जातीचा स्नायुविकार होतो. बिन१ घटले काय किंवा डायनॅमिन माजले काय, शेवट एकच, कारण बिघडले आहे ते दोघांमधले प्रमाण.

याच डायनॅमिनवर पुण्यात महत्त्वाचे काम झाले आहे, आणि मराठी वाचकाला ते ठाऊक असायला हवे. पाषाणच्या आयसर संस्थेत थॉमस पुकाडियिल यांच्या प्रयोगशाळेने काचेवर मेदाचा पातळ थर देऊन, त्यावरून द्रव वाहवून, ओळीने पसरलेल्या पटलाच्या नळ्या तयार करण्याची पद्धत बसवली. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात आणि कोणते प्रथिन त्या कुठे, केव्हा तोडते ते डोळ्यांदेखत मोजता येते. डायनॅमिन नुसते घातले तर ते नळीभोवती वेटोळे घालून बसते. बघणाऱ्याला वाटेल, हाच नळीचा साचा. जीटीपी दिले की तेच वेटोळे नळी आवळून कापते. प्रथिनाचा घाट पाहून त्याचे काम ओळखता येत नाही, याचा इतका प्रत्यक्ष दाखला माझ्या माहितीत दुसरा नाही. इंधन आहे की नाही, यावर तेच प्रथिन आधारही होते आणि कात्रीही.

आणखी एका प्राण्याचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. सी. एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत उत्सर्जनाचे मुख्य काम एकच पेशी करते. तिचा आकार इंग्रजी एच अक्षरासारखा असतो आणि तिच्या भुजा शरीराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. प्रत्येक भुजेच्या आतून एक सलग पोकळी गेलेली असते. मॅथ्यू ब्युक्नर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली असे अनेक कृमी-वाण वर्णिले ज्यांच्यात ही पोकळी जागोजागी फुगून तिचे फुगे होतात. नळी होते, पण टिकत नाही. या वाणांत बिघडलेली जनुके पुढे एकेक करून सापडली, तेव्हा त्यांत पटल वाकवणाऱ्या प्रथिनांपेक्षा पटलाला सांगाड्याशी बांधणारी, माल वाहणारी, आयनांची ये-जा सांभाळणारी प्रथिनेच जास्त निघाली. ईआरएम-१ हे पटल आणि सांगाड्यातले ॲक्टिन यांना बांधणारे प्रथिन कमी झाले तरी पोकळी बिघडते आणि जास्त झाले तरी बिघडते. त्याच प्रथिनाच्या सोबतीने पाण्याची वाहिनी असलेले ॲक्वापोरिन ८ पोकळीत पाणी सोडते आणि पाण्याचा दाब नळी लांबवतो, असे २०१३ साली दिसले. पाण्याला कोणता साचा म्हणणार?

आता माझी बाजू. प्रथिनांच्या आकाराला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. फळमाशीच्या चेतातंतूंतून रेटिक्युलॉन आणि त्याच्या जोडीचे रीप प्रथिन काढून टाकले तर काय होते, हे केंब्रिजच्या कॅहिर ओ'केन यांच्या गटाने २०१७ साली पाहिले. नळ्या संपल्या नाहीत. त्या कमी झाल्या, जाड झाल्या आणि मधे कुठे कुठे खंड पडला. आकाराचे काम काय, ते इथे अगदी नेमके दिसते: पाचर नळीची जाडी ठरवते आणि तिला मोडण्याच्या कडेपासून किती दूर ठेवायचे ते ठरवते. नळी असणे हे मात्र चार कामांच्या बेरजेवर ठरते: कोणी ओढते, कोणी वाकवते, कोणी सांधते, कोणी तोडते. यांपैकी सांधणे जीटीपीवर चालते, ओढणे एटीपीवर, तोडणे बरेचदा जीटीपीवर. यांतले कोणतेही एक काम दुसऱ्यांचे प्रमाण बिघडवून नळी घालवू शकते, आणि दुसऱ्याचे प्रमाण बदलून ती परतही आणता येते.

हे मत स्वीकारले की वैद्यकातले एक जुने कोडे उलगडते. आनुवंशिक स्पॅस्टिक पॅराप्लेजिया या विकारात पाय हळूहळू ताठ आणि अशक्त होत जातात, कारण मेंदूपासून पाठीच्या कण्यात खालपर्यंत जाणारे अतिशय लांब चेतातंतू आधी खचतात. एका पालकाकडून येणाऱ्या प्रकारात स्पास्टिन, ॲटलास्टिन-१ आणि रीप१ या तीन प्रथिनांची जनुके सर्वाधिक वेळा दोषी आढळतात. स्पास्टिन मायक्रोट्यूब्यूल कापते. ॲटलास्टिन पटले सांधते. रीप१ पाचरीच्या कुळातले. साचेवादाने पाहिले तर या तिघांपैकी एकच साचा आहे आणि इतर दोघे त्या यादीत का, हे सांगता येत नाही. तोलाच्या दृष्टीने पाहिले तर तिघेही एकाच जाळ्याचे कामकरी आहेत. कोणीही गैरहजर राहिले तरी लांबच्या टोकाला नळी टिकवणे अवघड होते, आणि तंतू जितका लांब तितकी ती अडचण मोठी.

उपचारांच्या शोधावरही याचा थेट परिणाम होतो. साचा हरवला असे मानणारा संशोधक साचाच परत द्यायला निघेल, आणि मोठे प्रथिन पेशीपेशीत पोचवणे आज तरी अत्यंत अवघड आहे. तोल ढळला असे मानणारा विरुद्ध पारड्यातले वजन कमी करता येईल का ते पाहील. उंदरांत ते एकदा साधले आहे. माणसात ते साधेल की नाही याची हमी कोणी देऊ नये. डायनॅमिन शरीरभर इतर कामेही करते आणि ते कमी करण्याला किंमत असणारच. पण ही वाट दिसली ती प्रथिनाच्या घाटाकडे पाहून नव्हे, त्याच्या विरोधकाकडे पाहून, हे विसरता येणार नाही.

मराठीत जीवशास्त्र शिकवणाऱ्या आणि लिहिणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे. चंद्रकोरीची ती आकृती जरूर छापा, पाचरीचे चित्रही काढा. पण अमुक प्रथिन नळी तयार करते असे लिहाल तेव्हा ती नळी कोण तोडते, तुटलेली कोण सांधते आणि त्यासाठी इंधन कुठले जळते, हेही त्याच परिच्छेदात लिहा. २०१७पासून तरी हे तिन्ही प्रश्न गाळण्याला सबब उरलेली नाही.